पांढरी शीर

नवऱ्याजवळ हे मी बोलले नाही, पोटच्या पोरीजवळ नाही. देवीपुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — देवीपुढे तर मुळीच नाही, कारण जे केलं ते तिच्याच पायाशी बसून केलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो लगेच समजूत घालायला बसतो, आणि मला समजूत नको आहे.

पण आधी दगडाचं सांगू द्या. दगड कळल्याशिवाय माझं कळणार नाही. आणि खरं सांगू? दगडाचं सांगणं मला सोपं जातं.

आमच्याकडे, डोणगावच्या आसपास, विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या — भोकाभोकांचा, ठिपक्याठिपक्यांचा खडक. त्या मांजऱ्यात एखाद्या ठिकाणी रंगीत दगडाचा पट्टा निघतो. लाल, शेवाळी, हळदीसारखा पिवळा, मध्येच राखाडी, आणि हे सगळे एकाच दगडात. विहीरवाल्याला तो नकोच असतो. सुरुंगाला दाद देत नाही म्हणून तो शिव्याच देतो. आमचं घर मात्र त्या दगडावर चाललं. गावात त्याला गारेचा दगड म्हणतात, खंबायतहून येणारा व्यापारी जास्पर म्हणतो, लोणारचं सरोवर बघायला आलेल्या शहरातल्या बायका ‘अय्या, किती कलर’ म्हणतात. नाव काही घ्या. लोखंडी खिळ्याने त्याच्यावर ओरखडा उठत नाही, उलट काचेवर तोच ओरखडा काढतो. तो पाणी पीत नाही, उन्हाने त्याचा रंग उडत नाही. त्याचे मणी होतात, अंगठीचे खडे होतात, औषध घोटायचे खल होतात, सोनाराला दागिन्यावर ओप द्यायला लागणारे गुळगुळीत दगड होतात. कोरडा असताना तो नुसता धोंडा दिसतो. त्याचा खरा रंग बघायचा तर ओला करावा लागतो — व्यापारी तर पाणी मागायच्या फंदात पडत नाही, सरळ जिभेने चाटतो.

आणि या दगडात पांढऱ्या शिरा असतात. एक शीर गारेची, दगडाइतकीच टणक. दुसरी चुन्याची. घासून, पॉलिश करून शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील. पण चुन्याच्या शिरेला आंबट सोसत नाही. तिच्यावर लिंबाचा थेंब टाकला की बारीक फेस येतो, कान जवळ नेला तर चरचर ऐकू येते. असा दगड मण्यांना चालतो, शोभेच्या वस्तूला चालतो. खलाला चालत नाही आणि पूजेच्या वस्तूला तर नाहीच, कारण पूजा म्हटली की दही आलं, लिंबू आलं, चिंच आली. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक कटर आणि दोन घासायची चाकं. त्या शेडच्या खिडकीत अर्धं कापलेलं लिंबू कायम ठेवलेलं असतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, नजर लागू नये म्हणून ठेवलंय.

हे लिंबाचं मला मामाजींनी शिकवलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. या घराची रीत अशी, की हुन्नर मुलाला द्यायचा, सुनेला द्यायचा, लेकीला द्यायचा नाही. लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, हुन्नर पदरात बांधून नेणार, आणि तिकडे दुसरी शेड उभी राहणार — असा हिशेब. सून कुठे जाते? सून इथेच मरते. म्हणून लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत मामाजींनी मला चाकापुढे बसवलं. दगड कसा धरायचा, पट्टा कसा वाचायचा, कुठून कापला की आतलं चित्र उघडतं — सगळं. आमच्या यांना मशीन चालवता यायची, पण दगड वाचायची नजर नव्हती. ती मला होती. मामाजी चारचौघांत म्हणायचे, ‘वत्सला आली अन् धंद्याले डोळे आले.’ तेव्हा कुसुमबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असायच्या.

कुसुमबाई माझी नणंद. यांच्यापेक्षा मोठी, मामाजींची थोरली लेक. दिलेली गावातल्याच एका मोठ्या घरी. लहानपणापासून त्या शेडमध्ये धूळ खाल्लेली, पण चाकाला कधी हात लावू दिला नाही तिला. चहा आण, पाणी आण, दगड उचल, बस. आणि परक्या घरून आलेली मी, तिच्या बापाशेजारी बसून तिच्या बापाचं सगळं शिकत होते. तिचा चेहरा मी पाहिला होता. पाहिला होता, हे लक्षात ठेवा. पुढे कुणी म्हणेल, वत्सलाला ठाऊक नव्हतं तिच्या मनात काय होतं. मला ठाऊक होतं. आणि तेव्हा मला त्याचा थोडा आनंदच व्हायचा.

आता तिने काय केलं ते.

आमची वर्षा लहान असताना एकदा शेडमध्ये खेळत होती. खडा चाकावर धरता यावा म्हणून तो काडीच्या टोकाला गरम लाखेने चिकटवतात. त्या लाखेचा एक थेंब वर्षाच्या पोटरीवर पडला. काय ओरडली पोर! कुसुमबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनीच तिला मांडीवर घेतलं, त्यांनीच कोरफडीचा गर लावला, फुंकर घालत बसल्या. जखम भरली, पण जागा पांढरट राहिली. म्हणजे तो डाग कसला, हे जगात कुणाला सगळ्यात चांगलं माहीत असेल, तर ते कुसुमबाईंना. पटतंय ना?

वर्षा लग्नाची झाली तेव्हा नांदुऱ्याचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर साधं, माणसं बोलायला गोड. पसंती झाली. मग मुलाकडच्यांनी, सगळेच करतात तशी, एका नातेवाइकाकडे हळूच चौकशी केली. गेले कुणाकडे? सख्ख्या आत्याकडे. आत्या काय म्हणाली, ते मध्यस्थाने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं — ‘पोरगी चांगलीच हाये. पायावर पांढरा डाग हाये तेवढा. आता तो कायचा, ते मी काय सांगू?’

एवढंच. कोड हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही.

नांदुऱ्याचं स्थळ गेलं. त्याच्या मागचंही गेलं. वर्षा एप्रिलच्या उन्हात मोजे घालून फिरायला लागली. डॉक्टरचा कागद आणला की भाजल्याचा डाग आहे, तर लोक म्हणाले, कागद काढायची पाळी काऊन आली? कोड असतं तरी पोरीचं काय वाईट होतं, ती माणूस नव्हती का, असं आज म्हणते मी. तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी दारोदार ‘कोड नाही वो, कोड नाही’ करत फिरले, जणू असतं तर पोरगी फेकूनच द्यायची होती.

मी कुसुमबाईंच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, ‘बाई, काऊन केलं असं?’ त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, ‘मी खोटं काय सांगतलं? डाग हाये का नाही?’

ते वाक्य मी उचललं आणि घरी घेऊन आले. डूख धरला म्हणतात ना — तो मी धरला. सणावाराला त्यांच्याकडे पुरणाचं ताट नेलं, वाकून पाया पडले, आणि वाकल्या वाकल्या मनात म्हणाले, थांब. त्यांची पल्लवी तेव्हा शाळेत होती. मामी, मामी करत माझ्या मागे फिरायची. तिच्या वेण्या घालतानाही मी मनात म्हणत होते, थांब.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण तुम्ही आता माझ्या बाजूने विचार करायला लागला असाल. वर्षाचं लग्न झालं. उशिरा झालं, पण झालं, आणि चांगलं झालं. अकोल्याचे जावई. पहिल्याच भेटीत त्यांनी डाग पाहिला आणि विचारलं, भाजलं होतं का? वर्षा हो म्हणाली आणि विषय तिथेच संपला. ती सुखात आहे. तिने मला कितीदा सांगितलं, मम्मी, आत्याचं जाऊ दे आता. म्हणजे मी जे केलं ते केलं तेव्हा माझ्या पोरीचं काहीच अडलेलं नव्हतं. मग का केलं? कारण मला करायचं होतं.

गावच्या देवीचं देऊळ नव्याने बांधायला काढलं, त्या वर्षी पल्लवीचंही लग्न ठरत आलं होतं. मुलगा चिखलीकडचा, मास्तर. दसऱ्यानंतर साखरपुडा करायचा असं बोलणं झालेलं. कुसुमबाईंनी नवस बोलला, देवीपुढची शिळा आमच्या घराकडून. जिच्यावर देवीचा पितळी मुखवटा मांडतात, ती शिळा. आणि शिळा घ्यायला त्या आमच्या शेडमध्ये आल्या.

या खेपेला हातात चहाचा ट्रे नव्हता. गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या, पदर खोचून, ताठ मानेने. सगळ्या दगडांवरून हात फिरवत फिरल्या. एक लाल दगड होता, अख्खा एका रंगाचा, शीर नाही, डाग नाही. त्याच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, ‘हा बरा वाटते.’ बरोबर निवडला होता. कुणी न शिकवता बरोबर निवडला होता — बापाची नजर शेवटी त्यांच्यातही होती. तोच दिला असता तर आज मी इथे बोलत बसले नसते.

मी दुसऱ्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं.

तुम्ही तो दगड पाहायला हवा होता. नुसता धोंडा होता, पाणी पडलं आणि पेटला. लाल, हिरवा, पिवळा, आणि सगळ्यांतून फांद्यांसारखी गेलेली पांढरी शीर. कुसुमबाई बघतच राहिल्या. मी सांगायला लागले. विहिरीतून निघालाय, घडवलेला नाही, देवीनेच रंगवलाय. पाणी पिणार नाही. उन्हाने उडणार नाही. शंभर वर्षं हात फिरले तरी झिजणार नाही. खिळा दिला त्यांच्या हातात, म्हटलं, ओढून बघा. त्यांनी तो लाल भागावर ओढला. ओरखडा उठला नाही. पुन्हा ओढला, जोराने, आणि हसल्या. त्या शेडमध्ये पहिल्यांदाच त्यांच्या हातात अवजार दिलं होतं कुणीतरी. खिळा शिरेवर ओढला असता तर कळलं असतं, पण शिरेवर ओढायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी त्यांना एक शब्द खोटा सांगितला नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं ऐकवलं. पण ते खरं नाही. एक शब्द होता. निघताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. म्हणाल्या, ‘हे लिंबू बाबा असतानाही इथंच राहे. नजरेसाठीच ना वो?’

मी म्हटलं, हो.

विचार करा, बापाच्या घरी वाढलेली बाई, आणि त्या लिंबाचा उपयोग तिला ठाऊक नाही. तिला न शिकवणं हा मामाजींचा अन्याय होता. त्याच अन्यायाचा मी सुरा केला, आणि त्याला धार मामाजींनीच मला दिलेली होती.

ती शिळा मी कुणाला घासू दिली नाही. आमच्या यांनाही नाही. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर. चेहरा दिसायला लागला तिच्यात. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरा दगड घासलेला नाही. शिरेवरून हात फिरवताना मला फार बरं वाटायचं. कुणी विचारलं असतं ना, वत्सला, भक्ती म्हणजे काय, तर त्या दिवसांत मी माझे हात दाखवले असते.

आमच्या गावात घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवीचा मुखवटा चिंचेने उजळतात. वर्षभराची काजळी, तेल, शेंदूर, सगळं काढायचं. ज्या घराने त्या वर्षी देवीला काही दिलं असेल, त्या घरच्या बायकांचा मान. मुखवटा शिळेवरच ठेवतात आणि चिंचेच्या कोळाने घासतात. कोळ शिळेवर पसरतो, साचतो, आणि दिवसभर तसाच राहतो. तिन्हीसांजेला एकदाच सगळं धुवायचं. ही रीत मला माहीत नव्हती का? मी या गावची सून आहे. रीत मला कुसुमबाईंइतकीच माहीत होती.

कुसुमबाई आणि पल्लवी, दोघी मायलेकी बसल्या होत्या. कोपरापर्यंत चिंच. पल्लवी मुखवट्याच्या नाकाच्या कोपऱ्यात बोट घालून घासत होती आणि मला म्हणत होती, ‘मामी, पाहा ना, देवी हासून राह्यली.’ मी शेजारी बसून चिंच कालवून देत होते. हो, कोळ मीच कालवला. घट्ट कालवला.

संध्याकाळी शिळा धुतली. ओली शिळा — तिचे रंग तुम्हाला सांगितलेच आहेत. बायका वा वा करत होत्या. कुणी माझा हात हातात घेतला, म्हणाली हात सोन्याचे आहेत तुमचे. मी पदराने तोंड पुसलं आणि घरी येऊन पोटभर जेवले.

सकाळी शिळा वाळलेली होती.

सगळं गाव जमलं होतं घट बसवायला. शिळेवर जिथे जिथे शीर होती तिथे तिथे पॉलिश उडालेलं, खरबरीत, पिठासारखे पांढरे चट्टे. हाताएवढाले. पुजाऱ्याने ओल्या फडक्याने पुसले. गेले. लोकांनी श्वास सोडला. मग वाळले आणि पुन्हा उमटले. कुसुमबाई पुढे झाल्या, पदराने पुसायला लागल्या. पुसायचं, जायचं, वाळायचं, यायचं. त्यांच्या बांगड्या शिळेवर वाजत होत्या.

आता नीट ऐका. मी आतापर्यंत जे सांगितलं — शीर लपवली, लिंबाबद्दल खोटं बोलले, कोळ घट्ट कालवला — ते सगळं इथपर्यंत एका दगडाचं नुकसान होतं. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, ‘दगडच तो, खार आला असंन.’ लोकांच्या माना हलल्या. पटलं होतं त्यांना. आणखी थोड्या वेळाने आरती सुरू झाली असती, शिळेवर फुलं पडली असती, फार तर पुढच्या वर्षी दुसरी शिळा बसली असती. कुसुमबाईंचा थोडा हिरमोड, बस. इतक्यावर थांबता आलं असतं मला.

माझ्या शेजारी सरूबाई उभी होती. गावात एकीकडे काही बोललं की दुसरीकडे पोचवणारी. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हणाले, ‘मायबाई, कोडासारखंच दिसते वो.’

हेच ते. इतकी वर्षं जे घशात आहे ते हे.

खोटं काय होतं त्यात? दिसतच होतं तसं.

आरती संपेपर्यंत ते देवळाच्या दारापर्यंत गेलं होतं. दुपारपर्यंत त्याला पाय फुटले. ज्यांनी शिळा दिली त्यांच्याच घरात काही असेल, देवीने दाखवून दिलं, असं लोक बोलायला लागले. हे शेवटचं मला जोडावं लागलं नाही, गावाने आपलं आपण जोडलं. चिखलीपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. मुलाची मावशी आली, बांगड्या बघते म्हणून तिने पल्लवीची बाही कोपरापर्यंत वर केली. मग पैंजण बघते म्हणाली. पल्लवीच्या अंगावर तीळसुद्धा नाही फारसा. पण ज्यांना बघायला यावंसं वाटलं, त्यांनी बघितल्यावर काय उपयोग? दसरा झाला, दिवाळी झाली, चिखलीकडून निरोप आला नाही. नंतर कळलं, मास्तराचं दुसरीकडे ठरलं.

मला वाईट वाटलं असं म्हणू? नाही वाटलं. तो निरोप आला नाही त्या दिवसांत मी चाकावर बसून गुणगुणायचे. वर्षाचे मोजे मला आठवायचे आणि मी म्हणायचे, आता घालू दे यांना.

मग कुसुमबाई आल्या शेडमध्ये. भांडायला नाही. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. दगडांच्या ढिगावर बसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, ‘वत्सला, माह्या पोरीच्या अंगावर कायीच नाही. तुले तं माहीत हाये. तू तं सांग लोकायले.’

इतकी वर्षं मी एक वाक्य जपून ठेवलं होतं. मी खोटं काय सांगितलं? — हे त्यांच्या तोंडावर मारायचं होतं मला. त्यासाठीच तर सगळं होतं. त्यांना कळायला हवं होतं की हे कुणी केलं आणि कशासाठी केलं, नाहीतर तो सूड कसला? वाक्य जिभेवर आलं होतं. पण बोलले असते तर गावात माझं नाव खराब झालं असतं, आणि मी भ्याले. मी त्यांना पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, बाई. त्यांनी माझा हात आपल्या गालाशी धरला. त्या दिवशी मला राग आला तो याचा, की ही बाई मला दुष्टसुद्धा समजत नाही.

देवळाने शिळा काढून टाकली. कुसुमबाईंनी ती घरी नेली, न्हाणीच्या तोंडाशी टाकली. तिथे ती दिवसभर ओली असायची. त्यांच्याकडे गेलं की दिसायची — लाल, हिरवी, पिवळी, झळझळीत. त्या तिच्यावर पाय ठेवायच्या नाहीत, बाजूने जायच्या. देवळात जाणं त्यांनी सोडलं. गेल्या पावसाळ्याच्या आधल्या पावसाळ्यात त्या वारल्या. शेवटी शेवटी त्या एकच विचारायच्या, देवीचं आपल्याकडून काय चुकलं? मी उशाशी बसलेली असायचे. मला उत्तर माहीत होतं.

पल्लवीचं लग्न झालं नाही. आई गेल्यावर ती आमच्या शेडमध्ये आली, म्हणाली, मामी, मले शिकवा. मी शिकवलं. लेकीला नाही, भाचीला नाही अशी रीत होती, ती मोडली. गावात माझं कौतुक झालं, मामी असावी तर अशी. हे प्रायश्चित्त होतं असं समजू नका. आमचे हे थकले आहेत, मला हातांची गरज होती, आणि तिचे हात चांगले आहेत. तिच्या आजोबांची नजर आहे तिला. ती आली की मला बरं वाटतं. ती समोर बसली की नजर वर करवत नाही. दोन्ही खरं आहे.

लिंबाचंही मीच शिकवलं. धंदा आहे, शिकवावं लागतं. शिकवताना माझा आवाज बदलला नाही.

गेल्या महिन्यात एका विहिरीचा नवा माल आला. पल्लवी दगड ओला करून बघत होती. एक हातात घेतला, शिरेवर लिंबू पिळलं. फेस आला. कान लावला तिने, मग दगड मांडीवर ठेवला. चाक फिरत होतं. मी ते बंद केलं नाही.

म्हणाली, ‘मामी, आईच्या शिळेले हेच झालं असंन ना?’

मी म्हटलं, ‘असंन.’

‘तवा तुम्ही लिंबू लावून पाह्यलं नव्हतं?’

तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. संशय नाही, राग नाही. तिला फक्त तिच्या आईसाठी एक साधं कारण हवं होतं — देवी नव्हती, कोड नव्हतं, चुना होता. एवढं तरी मी पूर्ण द्यायला हवं होतं तिला. मी म्हटलं, ‘कामाची घाई होती. विसरली मी.’

ती मान हलवून म्हणाली, ‘होते असं.’ दगड बाजूला टाकला, हात धुतले, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली. ट्रे घेऊन परत आली तेव्हा दारात क्षणभर तशीच उभी राहिली, तिची आई राहायची तशी.

मी विसरले नव्हते. कुसुमबाई शिळा बघायला येणार त्या सकाळी मी त्या शिरेवर लिंबू पिळलं होतं. कान लावला होता. चरचर ऐकू आली, आणि मी हसले होते.